रबरातलं कुंकू

दौंड, मंगळवार, १२ मार्च २००२

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या सुमनबाईंचा नवा फ्रिज बघायला गेले. त्यांनी कुंकवाची कोयरी हातात दिली, "पहिलं कुंकू तुमीच लावा." वाकले, तर दाराच्या रबराच्या खाचेत आधीचाच लाल ठिपका.

तो फ्रिज माझाच. शॉक देतो म्हणून मागच्या महिन्यात परत केलेला. दुकानदार ऐकेना, तेव्हा बिल दाखवून ग्राहक मंचात जाईन म्हणाले. मग नरमला. "बदलून देतो ताई, पण कुंकू पुसून द्या. पूजा झालेला माल कंपनी घेत न्हाई." मीच रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. खाचेतला ठिपका तेवढा निघाला नाही. फ्रिज कंपनीत जाईल असं मला खरंच वाटलं होतं का? कंपनीला कुंकवाचं काय?

सुमनबाई म्हणाल्या, "हात लावला की मुंग्या येत्यात. नवा हाय म्हणून आसंल, व्हय?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणाले, "चपला घालून उघडत जा." आणि जुना ठिपका दिसू नये म्हणून नेमकं त्याच्यावरच नवं कुंकू लावलं.