चॅटमधले चौकोन

देवास, मंगळवार, संध्याकाळ

वाइन सॉफ्टवेअर टाकून लिनक्सच्या कॉम्प्युटरवर विंडोजचा गेम अखेर चालला, याच खुशीत होतो काल. धारहून धाकटी बहीण मीनू ऑनलाइन खेळायला आली, पण गेमच्या चॅटमध्ये तिच्या मेसेजच्या जागी मला नुसते चौकोन दिसत होते. मराठी फॉन्ट टाकायचा राहिला होता. एरवी ती इंग्रजी अक्षरांत लिहिते, मग कालच मराठीत का, हे का नाही सुचलं मला? मी आपलं लिहिलं, "नंतर बघू, आधी खेळ."

आज फॉन्ट टाकला आणि त्या चौकोनांची अक्षरं झाली. "दादा, आईचं सगळं एकटीला झेपत नाही आता. थोडे दिवस नेतोस तुझ्याकडे?" त्याखाली माझं ते उत्तर.

लगेच फोन करून चौकोनांचं सांगितलं. मीनू म्हणाली, "मला पटलं रे. पण काल आई शेजारीच बसली होती, तिनं वाचलं."