शर्यतीच्या मागे दिसलेले बाबा

धाकटे,

पाल्हाळ लावत नाही. मी इथल्या लोकल चॅनलच्या ऑफिसात झाडूपोछा करते. तिथे जुन्या बातम्यांच्या टेपा कॉम्प्युटरवर चढवतायत. मला सगळी वस्ती ठाऊक, म्हणून टेपवाला मला स्टुलावर बसवतो. मी माणसं ओळखते, तो नावं लिहितो.

काल सायकल शर्यतीची बातमी लागली. तू घर सोडलंस त्याच सकाळची. सायकली सर्रकन निघून गेल्या आणि मागे आपलं पंक्चरचं दुकान दिसलं. बाबा तुझी बॅग रिक्षात ठेवत होते. मग त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी चार वेळा बघितलं. टेपवाला वैतागला, "मावशी, शर्यत कोण जिंकलं ते तरी सांगा!"

"जिंकणारा गेला खड्ड्यात," मी म्हटलं.

म्हणजे बाबांना माहीत होतं. आणि मी वीस वर्षं त्यांना ऐकवत राहिले, की पोरगी न सांगता पळाली, बापाच्या तोंडाला काळं फासून गेली. ते मान खाली घालून ट्यूब घासत बसायचे.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटी म्हणत होते, "धाकटीला कळवा." मी म्हटलं, तिचा पत्ता कुठाय? सगळ्यांना हेच सांगितलं.

पत्ता होता. तुझं बाबांना आलेलं पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं, अक्षरं जुळवत वाचलं आणि गादीखाली सारलं. हे पत्रही तिथेच जाईल. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

ताई, अजून म्हणत असशील तर