कोपीच्या दारातला तेरडा

आई, आज मी कोपरगावकडच्या त्या तळावर जाऊन आले, जिथं ऊसतोडीच्या हंगामात आपली कोपी, पाचटाची झोपडी, असायची. फिरायला नव्हे, कामावर. मी आता आरोग्य सेविका आहे. तोडीला आलेल्या टोळ्यांच्या लेकरांना डोस द्यायला आमची गाडी तळातळावर जाते. तुला यातलं काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीचा फॉर्म भरत होते, आणि मी पुढं काय होईन हे तुला दिसायच्या आतच त्या आठ दिवसांच्या तापानं तुला नेलं.

दसऱ्यानंतर गावाकडून निघताना तू भांडी, कोयते, शेळी सगळं ट्रकमध्ये चढवायचीस आणि शेवटी तेरड्याच्या बियांची काडेपेटी पोलक्यात खोचायचीस. तळावर पोचल्या पोचल्या बाकीच्या बायका चुली मांडतात, आणि तू कोपीच्या दारात, आंघोळीचं पाणी वाहून जातं तिथं, माती भुसभुशीत करत बसतेस. बी टाकून वर चिमूटभर माती, त्यावर राख. "लई खोल घातलं तर गुदमरतंय," म्हणतेस. थंडीत रोपं खुरटून बसायची. तू त्यांच्यावर पाचट पांघरून फडात जायचीस, आणि उन्हं आली की ते काढायचं काम माझं. संध्याकाळी मोळ्या वाहून मान अवघडलेली असायची, तरी तू आधी रोपांपाशी टेकायचीस, मग चुलीपाशी. एकदा बाबा चिडले. "पाच महिन्याचं बिऱ्हाड आपलं. इथं फुलं कशाला?" तू वर न बघताच म्हणालीस, "मग पाच महिने काय जनावरावानी ऱ्हायचं?" दुसऱ्या दिवशी शेळीनं तोंड घालू नये म्हणून बाबांनी रोपांभोवती बांबूच्या कामट्या रोवल्या.

ऊन तापायला लागलं की तो फुलायचा. पांढऱ्या दुहेरी पाकळ्या, त्यांवर गुलाबी शिंतोडे. तसा तेरडा मी दुसऱ्या कुणाच्या दारात पाहिला नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका दुपारी मी पिकलेली बोंडं एकामागून एक दाबून फोडली. बोट लागलं की बोंड तडकन उकलायचं, साली वळून गोळा व्हायच्या आणि बी लांब उडायचं. मला थांबवेचना. तू आलीस, झाडं बघितलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "पुढल्या साली काय लावू? तुझं टाळकं?" मग उकिडवी बसून दाणे वेचायला लागलीस. राईएवढे, मातीच्याच रंगाचे. निम्मेसुद्धा सापडले नाहीत. मी मुसमुसत उभी होते. तेव्हा तू राहिलेलं एक बोंड अलगद खुडलंस, माझ्या तळहातावर ठेवलंस आणि माझी मूठ मिटलीस. "आता दाब." मुठीत काहीतरी जिवंत उसळलं. मी दचकले, आणि तू हसलीस. "बघितलंस? पाय न्हाईत, पंख न्हाईत, तरी कसं जातंय बघ."

आज गाडीतून उतरले आणि कालव्याकडेच्या हातपंपावरून जागा ओळखली. आपली कोपी होती तिथपासून पंपापर्यंत, सांडपाण्याच्या ओहळाच्या दोन्ही अंगांना, कमरेएवढा तेरडा उभा होता. शंभराच्या वर रोपं असतील. पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे. मी लसीची पेटी खाली ठेवली. एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, तिला विचारलं, "हे कुणी लावलं?"

"कुनी न्हाई, ताई. आमी यायच्या आधीच उगवल्यालं असतंय. सासू म्हनायची, लई वर्सामागं एका बाईनं कोपीच्या दारात लावलं हुतं."

"आणि तुम्ही उपटत नाही?"

"का उपटावं? आमी कोपी जरा सरकवून घालतो." ती पार मराठवाड्यातून आली होती. "बी न्हेतो की गावाकडं. आमच्या अख्ख्या गावात गौरीला ह्योच तेरडा असतो."

इतके पावसाळे तो आपला आपण उगवत राहिला, आणि इतक्या अनोळखी बायकांनी, दिवसभराच्या कोयत्यानंतर, त्याला जागा सोडली. ज्या गावांची नावंही तू ऐकली नव्हतीस तिथल्या बायका तुझं बी पदराला बांधून घेऊन गेल्या. आई, तुझ्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

"तुमी कुठल्या, ताई?" तिनं विचारलं. "नगरची," मी म्हणाले. मागं डॉक्टर उभे होते, ड्रायव्हर होता. आईवडील शेती करायचे, एवढंच मी ऑफिसात सांगत आलेय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. ती बाई माझी आई होती, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, मान खाली घातली आणि तिच्या लेकराच्या तोंडात दोन थेंब टाकले.