पट्टीची ओढ

तीर्थरूप आईस,
हात जोडून आणि तोंडावर बोट ठेवून नमस्कार.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. घसा बसलाय, एवढंच. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केलीय. मी गप्प आहे हे बाबांना सांग. त्यांना खरं वाटणार नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, रजा घ्या. आवाज नाही, तर ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवणार?" मी फळ्यावर लिहिलं, "उद्या वर्गात या."

आता मी फळ्यावर शिडी काढते. मुलं "शिडी!" ओरडतात. मग ऱ्हस्वाला टेबलावर पट्टीचा एक ठोका, दीर्घाला पट्टी टेबलभर ओढायची. ते ऐकून मुलं पाटीवर पहिली की दुसरी वेलांटी ते ठरवतात. वर्गात एक पोरगी आहे, सगळे तिला भोंगा म्हणतात. इतके दिवस तिला गप्प करता करता मी थकले. आता धडा तीच मोठ्यानं वाचते, मी पट्टी चालवते.

मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकून गेले. रजेचं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी मी हलले नसते.

पुढच्या आठवड्यात घशात दुर्बीण घालून बघणार आहेत. नुसतं बघणार आहेत.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना?

रविवारी फोन कर. बोलायचं तू, मी पट्टी घेऊन बसेन. "बरी आहेस ना?" विचारलंस की दीर्घ "हो" ओढायला लागेन, ते तू फोन ठेवेपर्यंत.

तुझी,
नाइलाजानं शहाणी झालेली लेक