मुंग्या नसलेली जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

भाड्याची ओळ गेली! सरांनी लाल पेनाने अशी रेघ मारली की कागद फाटला. "भूमिका, हे निधी देणारे लोक भाडं देत नाहीत. पाळणे देतील, खाऊ देतील, मदतनीस बाईचं मानधन देतील. जागा आपली. स्थानिक योगदान दिसलं नाही तर अर्ज उघडूनही बघणार नाहीत." — आमच्या संस्थेचे इंद्रसिंग सर असेच. अडचण सांगतात आणि चहा मागवतात.

आता कापूस वेचणाऱ्या बायांची पोरं मी काय हवेत ठेवू? पाळणाघराचा सगळा आराखडा तयार आहे. वीस मुलं, दोन बाया, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दुपारी खिचडी. नाहीत त्या फक्त चार भिंती. गेल्या हंगामात आमच्या मळ्यात येणाऱ्या गजराबाईच्या नातीला, दामिनीला, बांधावरच्या झोळीत विंचू चावला. तीन दिवस पोर डोळे उघडत नव्हती. त्या तीन दिवसांतच हा अर्ज मी मनात लिहून ठेवला. मुदत १४ तारखेपर्यंत.

४ नोव्हेंबर

जागा मिळाली! आणि घरातच! जेवताना मी रडगाणं गात होते. सासरे — नाना — ताटावरून मान वर न करता म्हणाले, "भाडं कसाले? आपलं मळामधलं गोडाऊन रिकामं पडेल शे. लई जाय." एवढंच. चुनीलाल पाटलांचा शब्द म्हणजे शब्द!

भावेश म्हणाला, "बायकोच्या नोकरीपायी बापाचं गोडाऊन गेलं." सासूबाईंनी त्याच्या ताटात टाकलेली पोळी परत उचलली. खूप हसलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, नानांच्या पाया आज पहिल्यांदा मनापासून पडले.

६ नोव्हेंबर

मोजमाप झालं. पत्रे शाबूत, दाराशी लिंब. जमीन मातीची, पण चोपून घट्ट. एक वास आहे — कुबट, गोडसर, घशात बसणारा. बंद जागेचा असेल. टेप धरताना पिशवीतले गूळ-दाणे सांडले. उचलायचा कंटाळा केला. खातील मुंग्या!

घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल.

८ नोव्हेंबर

गूळ-दाणे तसेच! एक मुंगी नाही. आमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा लागतो, आणि इथे गूळ दोन दिवस उघड्यावर. अर्जात 'जागेची वैशिष्ट्ये' हा रकाना रिकामा होता. लिहून टाकलं — 'जागा कोरडी, हवेशीर, किडा-मुंगीपासून मुक्त.' सर खूश. म्हणाले, "हे वाक्य झकास!"

९ नोव्हेंबर

गजराबाईला जागा दाखवायला नेलं. मदतनीस म्हणून तिचंच नाव टाकलंय. पण बाई उंबऱ्याच्या आत येईना! दारातूनच कोपरे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, आठे मुंगी भी नही. पाल भी नही."

"मग चांगलंच की!"

"मन्हा मोठा भाऊ आठे हमाली करे. खोकी-खोकीसन मरी गया. दामिनीले मी आठे नही ठेवस."

अर्धा तास समजावलं. नवा चुना, नव्या चटया, सर स्वतः येऊन बघणार, आणि मी आहे ना! शेवटी खाली बघत म्हणाली, "तुम्ही सांगतस ते ठेवस." मला जिंकल्यासारखं वाटलं. आता वाटत नाहीये. घसा अजून खवखवतोय.

११ नोव्हेंबर

नानांना सहज विचारलं. सहज कसलं, सकाळपासून घोकत होते. पूर्वी काय असायचं त्या गोडाऊनात? "कपाशीवर मारानी पावडर ठेवूत तठे. पोता फुटेत, सांडेत. बारा वरीस व्हई गयात. आते काय ऱ्हायनं तठे! चुना मारी दिसूत."

बारा वर्षं. खरंच, काय राहणार?

१३ नोव्हेंबर

शेवटच्या पानावर प्रश्न आहे — जागेत पूर्वी विषारी पदार्थ साठवले होते का? हो / नाही. किती वेळ बघत बसले कोण जाणे. 'हो' म्हटलं तर जागा नाही. जागा नाही तर अर्ज नाही. अर्ज नाही तर दामिनी पुन्हा बांधावर. 'नाही'वर खूण केली.

वेळापत्रकात सरांनी एक ओळ वाढवायला लावली — 'निधीची वाट न पाहता १ डिसेंबरपासून स्थानिक योगदानातून प्रायोगिक सुरुवात.' पण हे कसं होणार सर? "असं लिहायचं असतं. कोण बघायला येतंय!"

१४ नोव्हेंबर

पाठवला.

२१ नोव्हेंबर

पहिल्या पाच संस्थांत आलो! १ डिसेंबरला पुण्यात समितीसमोर बोलायचं आहे. नानांनी अर्जाची प्रत मागून घेतली. ओसरीवर चष्मा लावून एकेक पान वाचत होते, स्वतःचं नाव आलं त्या ओळीवर बोट ठेवून. इतके खूश मी त्यांना बघितलेलं नाही. मला तिथे बसवेना.

२३ नोव्हेंबर

करू नये ते केलं. किल्ली मागून घेतली. लिंबाखालचे मुंगळे गुळाच्या खड्यासकट उचलले आणि गोडाऊनच्या मधोमध नेऊन ठेवले. स्वतः दारात बसले. थोड्या वेळाने ते गूळ सोडून गोल गोल फिरायला लागले. मग एकेक उताणा. दारापर्यंत एकही पोचला नाही.

तिथली माती खरवडून डब्यात भरली. माझी कॉलेजची मैत्रीण सीमा धुळ्याला प्रयोगशाळेत असते. तिला पाठवली. किल्ली नानांना परत दिली.

२८ नोव्हेंबर

सीमाचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही. "भूमिका, ही माती कुठली? तिथे कुणी राहतं का?"

नाही म्हटलं.

"राहूही देऊ नकोस. कुलूप लाव. आणि तू हात धुतलेस ना नीट?"

त्या दिवशी मी त्याच हाताने उरलेला गूळ खाल्ला होता.

२९ नोव्हेंबर

ठरलं. पुण्यात खरं सांगायचं. जागा बदलून मागायची. पैसे नाही मिळाले तर नाही मिळाले. गजराबाईचीही माफी मागायची.

पण नानांना काय सांगू? तुम्ही एवढ्या मोठ्या मनाने दिलं ते विष आहे म्हणून? की तुमचा हमाल कशाने मेला ते मला कळलंय म्हणून? वाढताना दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "भाजी वाढू?" एवढंच निघालं. भित्री आहे मी, दुसरं काय! परत आल्यावर सांगेन. किल्ली त्यांच्याच कमरेला असते, उघडणार कोण?

३० नोव्हेंबर

पुण्याच्या गाडीसाठी शहाद्याला निघाले तेव्हा नाना अंगणात उभे होते. हातांना चुना. डोळे लालभडक.

"नाना, डोळ्यांना काय झालं?"

"चुना उडना. तू जाय, चिंता नको करू. चुनीलालना शब्द शे."

भावेश गाडीचा हॉर्न वाजवत होता. मी बसले.

१ डिसेंबर, दुपारी दोन

सांगितलं! सगळं! ती 'नाही'ची खूणसुद्धा. सर माझ्याकडे बघेनात. समितीच्या अध्यक्षबाईंनी अर्जाचं शेवटचं पान उघडून बघितलं, मग म्हणाल्या, "बरं झालं बोललात. दुसरी जागा बघा. भाडं आम्ही देऊ."

भाड्याची ओळ परत आली! बाहेर रस्त्यात उभी राहून रडले. लोक बघत होते. बघू देत.

१ डिसेंबर, साडेचार

बंद ठेवलेला फोन आत्ता सुरू केला. भावेशने सकाळी नऊला फोटो पाठवलाय. पांढऱ्याशुभ्र भिंती. चटया नाहीत म्हणून मुलं मातीवरच रांगेत. मध्ये नाना, हातात अर्जाची प्रत. खाली लिहिलंय — 'नाना म्हनतस, कागदवर एक तारीख लिखेल शे, म्हंजे एक तारीख!'

दामिनी पहिल्या रांगेत. तिच्यासमोर जमिनीवर गूळ-दाणे. तोंड भरलेलं.

कुणी फोन उचलत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा — मीच लिहिलं होतं.