पहिल्या तक्त्यातलं शून्य

लोणावळा,
९ फेब्रुवारी १९७१

प्रिय कान्हू,

नमस्कार. कुसगावात सासऱ्याच्या जागेत सगळे बरे असाल. तुझ्या हिरीनं पाठवलेल्या हिरड्यानं आमच्या हुस्नबानोचा खोकला थांबला, तिला सांग.

गेल्या सोमवारी तुझ्या गेणूला घेऊन पुनर्वसनाच्या कचेरीत गेलो होतो. त्याचं नाव वाचून पत्र फाडू नकोस. धाकट्या भावानं तुझं नाव खोडायला लावलं, असं तू तीन वर्षं धरून बसला आहेस. मला ते कागदावर पाहायचं होतं.

धरणग्रस्तांच्या यादीत तुझं नाव आहे, पण त्यापुढं बदली जमिनीच्या रकान्यात शून्य आहे. खाली बारीक अक्षरात 'तक्ता ३, ओळ १९'. मी तिथंच अन्यायावर बोलू लागलो. सखाराम कारकून म्हणाला, "मास्तर, सभा बाहेर. इथं कुणी मनानं आकडा लिहीत नाही, मागच्या तक्त्यावरून उतरवतो. मागं मागं जा."

गेलो. तिसऱ्या तक्त्यातलं शून्य दुसऱ्यातून आलेलं, दुसऱ्यातलं पहिल्यातून. गेणू माझ्या बोटाकडं बघत होता.

"दादा म्हंतो म्या खोडलं. खोडल्यालं कुटं हाय का त्यात?"

"नाही."

"मंग शून्य आलं कुटनं?"

पहिला तक्ता घरमोजणीचा. तुझी ओळ : 'घर बंद. माणसं ०.' तारीख १२ मार्च १९६६. माणसं शून्य, म्हणून पुढं जमीनही शून्य.

मी गेणूला सांगितलं, शाई उडाली आहे, वाचता येत नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, लय डोळं फोडलं तुमी."

कान्हू, ती तारीख मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी देवळापुढं मी दीड तास बोललो होतो : मोजून घ्याल तर बुडाल, दारं लावा, रानात जा. माणसांना न विचारता त्यांची गावं पाण्याखाली घालणं अन्यायच आहे, तो शब्द मी आजही मागं घेत नाही. पण चाळीस घरांनी हात वर केले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणचाळीसांनी दारं उघडली. तू तेवढा पोराबाळांना घेऊन दिवस मावळेपर्यंत रानात बसलास. मी तुझी पाठ थोपटली. मोजणीवाले परत येतील का, हे विचारलं नाही.

आणि गेणूला चारचौघांत फितूर म्हणालो. त्याची बायको ओली बाळंतीण, दार लावून तो कुठं जाणार होता? भावाविषयी पहिला संशय तुझ्या मनात मी घातला.

आठ दिवस हे पोटात ठेवलं. काल गेणूला सांगितलं. तो म्हणाला, "दादाला सांगा आदी. मला सवं हाय ऐकून घ्यायची."

आज सगळं लिहून, सही करून सखारामकडं दिलं. वाचून तो म्हणाला, "हे गावात कळलं तर तुमच्या सभेला कोण येणार मास्तर?" मी म्हणालो, "कान्हूची सात माणसं आधी लिही."

येत्या सोमवारी सकाळी अकराला चौकशी आहे. पहिला तक्ता दुरुस्त झाला की पुढचे होतील, पण साक्ष शेजारच्या घराची लागते. तुझा शेजारी गेणूच होता. तो येणार आहे.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस, पण त्याच्याशेजारी बस. मी बाहेर उभा राहीन, आणि बोलावलं तर विचारतील तेवढंच बोलेन.

तुझा अपराधी,
फकरुद्दीन