एका ताटाच्या पैशात पदवी

२८ ऑगस्ट

आमच्या विभागप्रमुख कोलेट मॅडमनी ब्रेकरूममध्ये जाहीर केलं: एप्रिलपासून डायलिसिस विभागाला दिवसपाळीची चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख, हवी आहे. अट एकच, नर्सिंगची बॅचलर पदवी. माझ्याकडे दोन वर्षांची असोसिएट पदवी आहे, आणि बाकी सगळं आहे. प्रत्येक मशीनचा प्रत्येक आकडा मी दोनदा तपासते. विभागात असं करणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. जागा मुळात माझीच आहे. मध्ये फक्त एक कागद आला आहे.

सध्या पहाटे साडेतीनला उठावं लागतं. दिवसपाळी साडेआठला सुरू होते. हे केवळ नोंदीसाठी.

३० ऑगस्ट

कागदाचा उपाय सापडला. एक ऑनलाइन विद्यापीठ. सहा महिन्यांच्या टर्मला ठरावीक फी, बेचाळीसशे डॉलर, आणि तेवढ्यात जितके विषय पास व्हाल तितके तुमचे. एकूण दहा विषय आहेत. लोक वर्षानुवर्षं विषयागणिक पैसे भरतात. मी दहाही एकाच टर्ममध्ये संपवणार. फेब्रुवारीअखेर पदवी.

बाकीच्या नर्सेसना हे का सुचत नाही, असा प्रश्न पडला. मग बाकीच्या नर्सेस डोळ्यांसमोर आणल्या. प्रश्न सुटला.

बाबांना सांगितलं. ते जन्मभर बोटीवर खनिज वाहायचे, आता निवृत्त आहेत, सगळ्या विषयांवर मत देतात. म्हणाले, पोरी, शुक्रवारच्या फिश फ्रायला एका ताटाच्या पैशात हवं तेवढं खा अशी पाटी असते, त्या पाटीपायी एखादा हॉटेलवाला बुडालेला पाहिलास का? मी म्हटलं, तिथे खाणारे पुढे येईल ते खातात, मी हिशेबाने खाईन. ते म्हणाले, पहिल्या ताटाला सगळे असंच म्हणतात.

३ सप्टेंबर

विभागातल्या मार्लिसबाईंना कळलं. वय त्रेपन्न. चार वर्षांपासून राज्याच्या कॉलेजात एका वेळी एक विषय घेऊन हीच पदवी करताहेत. आमच्या डुलुथच्या रस्त्यांवरचं मार्चमधलं बर्फसुद्धा यापेक्षा लवकर हलतं.

म्हणाल्या, अगं ब्रिटा, माझ्याच कॉलेजात ये ना, आपल्या हॉस्पिटलचा त्यांच्याशी करार आहे, फी हॉस्पिटलकडून परस्पर जाते. मी नको म्हटलं. दुपारी पुन्हा विचारलं, पुन्हा नको. सुटताना गाडीपाशी तिसऱ्यांदा. इथे पहिले दोन नकार रीत म्हणून देतात आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणतात. मी तिसऱ्यांदाही नको म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं बाई, वेगळं आहे तुझं. त्यांच्या तोंडी 'वेगळं' ही शिवी असते. मी ती पोचपावती म्हणून घेतली.

त्यांनी आणलेल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, वड्यांपैकी शेवटची वडी ड्वेनने उचलून खाल्ली. ड्वेन फ्लोरिडाहून दर तीन महिन्यांनी वाढणाऱ्या करारावर आलेला नर्स आहे. शेवटची वडी सबंध, कोणाला न विचारता. इथे शेवटचा तुकडा कोणी पुरा घेत नाही, निम्मा मागे ठेवतात. आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

९ सप्टेंबर

विद्यापीठाकडून 'साधनसुविधा शुल्क' म्हणून तीनशे पंच्याऐंशी डॉलर कापले गेले. प्रवेश सल्लागार टॅनरला फोन केला. टॅनर प्रत्येक वाक्याआधी 'फार छान प्रश्न' म्हणतो. ठरावीक फी म्हणजे ठरावीक नव्हे का, असं विचारलं. म्हणाला, फार छान प्रश्न, शिकवणीची फी ठरावीक आहे, साधनं म्हणजे शिकवणी नाही. ऑनलाइन विद्यापीठात वेबसाइट सोडून शिकवणी नेमकी कुठे असते, हे विचारलं नाही. माणूस ज्या दर्जाचा, त्या दर्जाचे प्रश्न त्याला विचारावेत.

हिशेबात पाच टक्के चूक मी धरलेलीच होती. तसे हे नऊ टक्के झाले.

४ ऑक्टोबर

दोन विषय पास. तिसऱ्याची परीक्षा आज घरून, कॅमेऱ्यासमोर. पलीकडे कुठेतरी बसलेला पहारेकरी आपली खोली पाहत असतो. पंचेचाळीस प्रश्न झाले होते आणि एकही अडला नव्हता. तेवढ्यात बाबा मागून आले, हातात साफ न केलेला मासा, आणि विचारलं की हा आज तळायचा की फ्रीजरमध्ये टाकायचा.

परीक्षा रद्द. कारण: खोलीत दुसरी व्यक्ती आणि 'अनोळखी वस्तू'. पुन्हा बसण्याचे पंचाहत्तर डॉलर, शिवाय पहारेकऱ्याची फी वेगळी. म्हणजे माझ्यावर संशय घेण्याचे पैसे मीच देते.

बाबा म्हणाले, आपल्या तळ्यातला वॉलाय मासा होता, अनोळखी कसला. मासा चांगला झाला होता. मी त्यांच्याशी बोलले नाही, पण दोनदा घेतला.

२३ ऑक्टोबर

टॅनरचा फोन. माझा संख्याशास्त्राचा विषय जुना झाला. टेक्निकल कॉलेजात सात वर्षांपूर्वी केला होता, ते पाच वर्षांपर्यंतचाच धरतात. पुन्हा करावा लागेल, आणि तो 'पूरक' असल्यामुळे ठरावीक फीत बसत नाही. मी विचारलं, गेल्या पाच वर्षांत सरासरी काढायची पद्धत बदलली आहे का. म्हणाला, फार छान प्रश्न.

सहाशे चाळीस डॉलर. ट्रकसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिले. सध्याच्या ट्रकचं दार आतून दोरीने बांधलेलं आहे. दोरी नायलॉनची आहे, दोन हिवाळे सहज काढेल.

१७ नोव्हेंबर

सहा विषय झाले. वेळापत्रकाच्या जरासं मागे आहे, पण वेळापत्रक मीच केलं होतं, त्यामुळे त्याला काय वाटेल याची चिंता नाही.

'करुणा आणि संवाद' या विषयाचा निबंध परत आला. रुग्णाशी वागताना आपलं काय चुकलं आणि त्यातून काय शिकलात, असा प्रश्न होता. मी लिहिलं होतं की काही चुकलं नाही, आणि सहा वर्षांच्या नोंदींचा तक्ता जोडला होता. शेरा: 'लेखिका अलिप्त वाटते. कृपया भावना नमूद कराव्यात.'

पुन्हा लिहिला. भावना नमूद केल्या, तक्त्यातच, वेगळ्या रकान्यात.

६ डिसेंबर

निबंध तिसऱ्यांदा परत. चौथ्यांदा तपासायला साठ डॉलर. ब्रेकरूममध्ये लिहीत बसले होते तर मार्लिसबाई म्हणाल्या, आपल्या चार नंबरच्या खुर्चीवर डायलिसिसला येणाऱ्या आजोबांबद्दल लिही ना, तू त्यांना कुत्र्याबद्दल बोलूच दिलं नाहीस, मशीनचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गप्प केलंस, बिचारे आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, मशीनचा आवाज खरंच ऐकू येत नव्हता. त्या म्हणाल्या, हेच लिही.

लिहिलं. पास झाला. शेरा: 'अतिशय प्रामाणिक.' यावरून परीक्षकांचा दर्जा कळतो.

१९ डिसेंबर

मार्लिसबाईंची पदवी पूर्ण झाली. ब्रेकरूममध्ये केक, फुगे, आणि तीन प्रकारच्या वड्या. चार वर्षांत त्यांच्या खिशातून फक्त पुस्तकांचे पैसे गेले, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं, पण मी नाही.

कोलेट मॅडम त्यांना म्हणाल्या, मग चार्ज नर्सच्या जागेचं काय? बाई म्हणाल्या, मला माझ्या सहा खुर्च्या पुरेत, लोकांच्या सुट्ट्या कोण सांभाळणार. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना इथे येऊन वर्षच झालं आहे, ॲरिझोनाच्या आहेत. बाईंचा नकार नशिबाने खरा होता.

म्हणजे मैदान मोकळं.

८ जानेवारी

हॉस्पिटलकडे फीच्या परताव्याचा अर्ज केला. एवढा वेळ मी मुद्दाम थांबले होते, सगळं एकदम मागावं म्हणून. कोलेट मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, ब्रिटा, नियम असा आहे की 'बी' किंवा त्याहून वरची श्रेणी असेल तरच पैसे परत मिळतात. मी म्हटलं, माझं विद्यापीठ श्रेणी देत नाही, फक्त 'पास' देतं, म्हणून तर तिथे वेगाने होतं. त्या म्हणाल्या, मग वेगाने झालं ना? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, पैसे मात्र मिळणार नाहीत.

मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं आहे. मुद्देसूद, चार पानी.

२१ जानेवारी

वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. एक ओळ.

२ फेब्रुवारी

नऊ विषय झाले. राहिलं प्रात्यक्षिक. टॅनरला फोन केला की लगेच सुरू करते. तो म्हणाला, फार छान. यावेळी 'प्रश्न' म्हणाला नाही, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. प्रात्यक्षिक आधीचे सगळे विषय संपल्यावर पुढच्या टर्ममध्येच सुरू होतं. पुढची टर्म म्हणजे पुन्हा पूर्ण फी, आणि ती मार्चपासून वाढली आहे. शिवाय देखरेख करणारी पदवीधर नर्स विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. सापडली नाही तर एक कंपनी चौदाशे डॉलरमध्ये पुरवते.

मी विचारलं, हे सगळं कुठे लिहिलं आहे. म्हणाला, फार छान प्रश्न. ते पहिल्या दिवसापासून वेबसाइटवर होतं. मी फीचं पान दोनदा तपासलं होतं. हे 'विद्यार्थिजीवन' या पानावर होतं, हसणाऱ्या मुलींच्या फोटोखाली. तसल्या पानावर मी कशाला जाईन.

बाबा म्हणाले, दुसरं ताट आलं वाटतं.

११ फेब्रुवारी

कोलेट मॅडम माझ्या थेट वरिष्ठ, म्हणून देखरेखीला चालत नाहीत. विभागात दुसरी पदवीधर एकच आहे. मी स्वतःहून विचारायला गेले नाही. कंपनीचं पत्रक ब्रेकरूमच्या टेबलावर राहिलं होतं, योगायोगाने, उघडं.

मार्लिसबाई म्हणाल्या, अगं, चौदाशे कशाला घालवतेस, मी करते की देखरेख. मी म्हटलं, नको, तुम्हाला उगाच त्रास. दुपारी पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, खरंच नको. सुटताना गाडीपाशी आल्या, नायलॉनच्या दोरीकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, बरं, तुम्हाला एवढं वाटतंच आहे तर.

चौदाशे डॉलर वाचवले. योजनेत जागोजागी अशी बचत आहे, ती नीट मांडायला हवी.

१ मार्च

सेहेचाळीसशे डॉलर कापले गेले. ट्रकचं खातं बंद केलं. रिकामं खातं चालू ठेवायला बँक महिना आठ डॉलर घेते. मी अशी वाया जाणारी रक्कम भरत नाही.

प्रात्यक्षिक मेमध्ये संपेल. जागा एप्रिलपासून. मॅडम थांबतील. दुसरं आहे कोण?

२६ मार्च

महत्त्वाचा दिवस. कोलेट मॅडम डायलिसिसच्या पाण्याच्या टाक्यांपाशी भेटल्या. म्हणाल्या, पदवीधर कोणी अर्जच केला नाही, त्यामुळे वरच्या ऑफिसने पदवीची अट काढून टाकली, आता असोसिएट पदवी चालेल. तू करशील का चार्ज नर्सचं काम?

अट काढली. हे ऐकून मी पंपाचा दाब तपासला. मग पुन्हा तपासला.

मग म्हटलं, छे, मी कशाला, माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत. त्या म्हणाल्या, ओके, स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस. आणि गेल्या.

पहिला नकार नीट पार पडला. पहिल्याच हाकेला हो म्हणणारी माणसं कशी दिसतात ते आम्ही सप्टेंबरपासून पाहतो आहोत. दुसऱ्यांदा बहुधा उद्या विचारतील. सोमवारपर्यंत तिसऱ्यांदा.

३० मार्च

सोमवार. मॅडम दोनदा जवळून गेल्या. योग्य क्षण शोधत असाव्यात. मी ब्रेकरूममध्ये एकटी बसायची सोय केली होती. त्या आल्या, कॉफी घेतली, हवा सुधारते आहे म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, ती बाई कुठली म्हणालीस? मी म्हटलं, ॲरिझोना. ते म्हणाले, पोरी, तिकडे एकदाच विचारतात. मी म्हटलं, रीतभात सगळीकडे सारखीच असते. ते म्हणाले, मग उद्या सकाळी जा आणि तूच विचार. मी म्हटलं, स्वतःहून मागायला जाऊ? ते म्हणाले, नाही, ते बरोबर, तसं करता येणार नाही. आणि आम्ही दोघं बटाटे खात राहिलो.

२ एप्रिल

चार्ज नर्स ड्वेन. कायम झाला. मॅडमनी काल त्याला विचारलं आणि प्रश्न संपायच्या आत तो हो म्हणाला, असं मार्लिसबाईंनी सांगितलं. त्याच्याकडे असोसिएट पदवी आहे. माझ्याकडे त्याहून नऊ विषय जास्त आहेत.

मार्लिसबाई म्हणाल्या, तुला विचारलं नाही का गं त्यांनी? मी म्हटलं, विचारलं, एकदा. त्या म्हणाल्या, अगं बाई. माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत त्यांनी आजचे तास भरले, आणि थोडे जास्तच भरले. मी दुरुस्त केले.

ड्वेनने पहिलं वेळापत्रक लावलं. पहाटेची पाळी माझी, सप्टेंबरपर्यंत. शेजारी त्याने लिहिलं आहे: ब्रिटा सगळं दोनदा तपासते.

सुटताना ब्रेकरूममध्ये गेले. ट्रेमध्ये एक वडी उरली होती. आत कोणी नव्हतं, बाहेरही कोणी येत नव्हतं. थोडा वेळ थांबले. मग सुरीने तिचे दोन भाग केले, लहान भाग घेतला आणि ट्रे झाकून ठेवला.